खुडूक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधल्या काळात दोन-तीन मित्रांनी विचारलं, की बाबा रे, तुझं शनिवार-रविवारचं लिहिणं बंद का पडलं? खरं उत्तर द्यायची लाज वाटत होती. खरं उत्तर असं, की मी अंडी उबवत होतो.

हसून घ्या. मग पुढे वाचा.

मार्च २०२४ मधली गोष्ट. धुळवड नुकतीच झाली होती, शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी होती, म्हणून गुरुवारीच गावी पळालो. गाव म्हणजे सातारा जिल्ह्यातला माण तालुका. आमच्याकडे पाऊस येतो तो बहुतेक वेळा बातम्यांमध्ये. घरी आण्णा, आई, आज्जी आणि आज्जीच्या कोंबड्या. सहा कोंबड्या, एक कोंबडा. सगळ्या गावठी. त्यात दोन 'कवड्या', म्हणजे अंगावर पांढरे-काळे ठिपके असलेल्या, आणि त्यातली एक खुडूक झालेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोंबडी अंडी घालायची थांबून अंड्यांवर बसायच्या मूडमध्ये आली की ती खुडूक झाली म्हणतात. पिसं फुलवते, जवळ गेलं की गुरगुरते, खाणंपिणं सोडते. आज्जी दोन दिवसांत तिच्याखाली अंडी मांडणार होती.

गुरुवारी रात्री आज्जी झोपायला जाताना म्हणाली, "खुराड्याची कडी लाव रं तेवढी." मी हो म्हणालो. माझ्या कानाला फोन होता. ऑफिसात रिलीज होती, काहीतरी फुटलं होतं, आणि मी अंगणात येरझाऱ्या घालत कोणालातरी लॉग वाचून दाखवायला सांगत होतो. तासभर चाललं ते. मग येऊन झोपलो.

कडी राहिली.

सकाळी अंगणभर पिसं होती. आण्णा म्हणाले रानमांजर असणार, शेजारचे म्हणाले कुत्री. पाच कोंबड्या मेलेल्या, एक आणि कोंबडा गायब. खुडूक कोंबडी तिच्या कोपऱ्यातच मेलेली होती, जागची हलली नव्हती. आज्जीने सगळं गोळा करून परसात खड्डा घ्यायला लावला. मला एका शब्दाने काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. कडीचा विषय कोणीच काढला नाही, मीही नाही.

दुपारी जेवताना आण्णा म्हणाले, "जाऊ दे, आता वनराज आणू वीस. दवाखान्यात चौकशी करतो." आज्जी काही बोलली नाही. पण जेवण झाल्यावर रांजणाशेजारची टोपली माझ्यासमोर आणून ठेवली. बाजरीच्या कोंड्यात तेरा अंडी, त्यांच्यात एक कोळसा आणि एक गंजका खिळा. (वीज कडाडली तर अंडी नासतात, लोखंड असलं की नासत नाहीत, असं आज्जीचं म्हणणं. मी वाद घालत नाही.) गावात त्या आठवड्यात दुसरी कोणाची खुडूक कोंबडी मोकळी नव्हती.

"मशीनवर निघतात म्हण की पिल्लं," आज्जी म्हणाली. "तू इंजिनेर हाईस ना?"

आता हा प्रश्न आहे की टोमणा, हे मला अजूनही कळलेलं नाही.

कोंबडाच गेला, मग अंड्यात काही असेल का, ही माझी पहिली शंका. पण असतं. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज दोन आठवड्यांच्या आसपास टिकून राहतं, त्यामुळे ही अंडी फळलेली असायला हरकत नव्हती. दुसरी शंका अंड्यांच्या वयाची. सात दिवसांपर्यंतची अंडी उत्तम, दहाच्या पुढे दर दिवसाला आशा कमी होत जाते. आज्जीने प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघा मारल्या होत्या, एका दिवसाला एक रेघ. सगळ्यात जुनं नऊ रेघांचं होतं. ती टोपली रांजणाजवळ का ठेवते हेही तेव्हा कळलं. रांजण पाझरतो, त्याच्याभोवती गारवा असतो. उन्हाळ्यात अंडं नुसतं बाहेर ठेवलं तर आतला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. आम्ही ज्याला स्टोरेज कंडिशन वगैरे म्हणतो ते आज्जीच्या घरात पूर्वीपासून होतंच.

शनिवारी गाडीच्या पुढच्या सीटवर टोपली बेल्टने बांधून पुण्याला निघालो. चार-साडेचार तास. प्रत्येक गतिरोधकाला मी असा ब्रेक मारत होतो की मागचे लोक आईबहिणीची आठवण काढत होते. घरी पोचल्यावर पाहिलं तर एका अंड्याला केसाएवढी चीर. तिच्यावर मेणबत्तीचं मेण लावलं. प्रवास झाला की अंडी टोकाची बाजू खाली करून एक दिवस स्थिर ठेवायची असतात, म्हणजे रुंद बाजूची हवेची पोकळी जागेवर बसते. तेवढा एक दिवस मला मशीन बनवायला मिळाला.

मशीन म्हणजे काय हो, थर्माकोलचा खोका. माझा रूममेट नागपूरचा, त्याने नुकताच मागवलेला मासळीचा खोका होता, तो धुऊन घेतला. आत चाळीस वॅटचे जुन्या पद्धतीचे दोन बल्ब. एलईडी चालत नाही, आपल्याला उजेड नको, उष्णता हवी. (ते पिवळे बल्ब शोधायला अर्धं पिंपरी फिरलो. शेवटी एका पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळाले.) दोन अशासाठी, की एक उडाला तर दुसरा चालू राहावा. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, म्हणजे गरम हवा फिरत राहते. दोनशे रुपयांचा थर्मोस्टॅट, जो ठरलेल्या तापमानाला बल्ब बंद करतो. पाण्यासाठी बशी, तळाला जाळी, बाजूला चार भोकं. आणि झाकणात काच, कारण बघितल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे नडलं.

गणित सोपं आहे. पंखा असेल तर ३७.५ ते ३७.७ अंश. पहिले अठरा दिवस आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर. दिवसातून किमान तीनदा अंडी फिरवायची, नाहीतर गर्भ कवचाला आतून चिकटतो. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद. एकविसाव्या दिवशी पिल्लं. मी अंड्यांवर पेन्सिलने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढला. रविवारी, ३१ मार्चला संध्याकाळी तेरा अंडी आत ठेवली. खिळासुद्धा ठेवला. कोळसा नाही ठेवला, स्वच्छतेचा प्रश्न होता.

मग सुरू झाला आमचा संसार. सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री दहा, फुलीचं गोळा, गोळ्याचं फुली. मी सेन्सर लावून तापमान मोबाईलवर घेतलं होतं, अर्ध्या अंशाने हललं की फोन वाजायचा. पहिल्या आठवड्यात रात्री तीनला चारदा उठलो. ऑफिसच्या ऑन-कॉलला मी इतका कधी उठलेलो नाही. दुपारी दोनला आमची मीटिंग असायची, तेव्हा कॅमेरा बंद करून अंडी फिरवायचो. एकदा माईक चालू राहिला आणि रूममेटचा आवाज सगळ्या टीमने ऐकला, "अरे भाऊ, नऊ नंबर उलटाच आहे ना बे!" मॅनेजरने विचारलं, नऊ नंबरचं तिकीट कोणाकडे आहे?

गुढीपाडव्याला गावी गेलो नाही. आईला वाईट वाटलं. आज्जी फोनवर म्हणाली, "खुडूक कोंबडी कुटं जाती व्हय गं अंडी सोडून." त्या दिवसापासून माझं घरातलं नाव खुडूक.

सातव्या रात्री अंड्यांना दिवा दाखवायचा होता. खोलीत अंधार करून मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरायचं. ज्यात काही नाही ते नुसतं पिवळं उजळतं. ज्यात आहे तिथे एक काळा ठिपका आणि त्याच्याभोवती लाल शिरांचं जाळं दिसतं, कोळी बसल्यासारखं. पहिलं अंडं धरलं, आणि तो ठिपका हलला. मी आणि रूममेट दोघंही गप्प झालो. एरवी सलग दोन मिनिटं गप्प न बसणारी माणसं आम्ही.

तीन अंडी रिकामी निघाली. एकात नुसतं रक्ताचं कडं होतं, म्हणजे सुरू होऊन थांबलेलं. नऊ राहिली. मेण लावलेलं त्या नऊत होतं. चौदाव्या दिवशी आणखी एक गेलं. आठ.

मधल्या काळात आण्णा वनराजवर अभ्यास करत होते, आणि रोज रात्री फोनवर मला शिकवत होते. त्यांचा अभ्यास चांगला होता, हे मान्य करायला हवं. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठीच तयार केलेली. रंगीत, उंच पायांची, वजन दोन किलोच्या पुढे, आणि वर्षाला शंभरच्या वर अंडी. तिथलीच ग्रामप्रिया अंड्यांना आणखी सरस. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज वजनाला दांडगी. आमची गावठी वर्षाला अंडी किती देणार? पन्नास, फार तर सत्तर, तीही तीन-चार हप्त्यांत. आण्णांनी कडकनाथचाही विचार केला होता. काळं मांस, झाबुआची, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं. पण आमच्या भागात कडकनाथचं नाव काढलं की लोक आधी खिसा चाचपतात. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ पाळायच्या योजनांत किती जणांचे पैसे बुडाले ते सगळ्यांना आठवतं. त्यात कोंबडीचा काही दोष नव्हता म्हणा. असील तर आण्णांनी ऐकूनच सोडली. झुंजायची जात, अंडी थोडी आणि भांडणं फार. "घरात एक आज्जी बास आहे," असं ते म्हणाले. (आज्जी शेजारीच बसली होती, असं नंतर कळलं.)

मी गावठीची बाजू घेत होतो. खरं म्हणजे मी स्वतःची बाजू घेत होतो. पण वाचता वाचता एक गोष्ट सापडली, ती मला विलक्षण वाटली.

गावठी कोंबडी कमी अंडी का देते? कारण ती खुडूक होते. बारा-पंधरा अंडी झाली की थांबते, एकवीस दिवस बसते, मग दीड-दोन महिने पिल्लं सांभाळते. एका वेताचे जवळजवळ तीन महिने अंड्यांशिवाय गेले. ज्याला अंडी विकायची आहेत त्याच्या दृष्टीने हे तीन महिने वाया. म्हणून ज्या कोंबड्या खुडूक होत नाहीत त्या निवडत गेले, पिढ्यान्‌पिढ्या. पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते ती त्यामुळेसुद्धा. तिला बसायचं कसं हेच आता आठवत नाही. वनराजही सहसा खुडूक होत नाही. वर ती दोन वेगळ्या वाणांच्या संकरातली, त्यामुळे तिचीच अंडी उबवली तर पुढची पिढी तशी निघत नाही. म्हणजे दर वेळी नवी पिल्लं विकत आणायची. कोंबडीतून बसणं काढून टाकायचं आणि ते यंत्रात घालायचं, असा हा सौदा आहे. आणि तो मूर्खपणाचा नाही. आपण तीस रुपयांचं ऑम्लेट खातो ते या सौद्यामुळेच. पण ज्याच्या दारात हॅचरी नाही, त्याच्याकडे यंत्र म्हणजे खुडूक कोंबडीच.

हे सगळं मी फार उत्साहात आज्जीला सांगितलं. आज्जी म्हणाली, "खुडूक लई झाली तर मी नाकात पीस घालती आन पाण्यात बुडवती. चार दिसांत अंडी सुरू." म्हणजे तिलाही अंडी हवी असतात तेव्हा ती तोच सौदा करते, फक्त तात्पुरता.

अकराव्या दिवशी सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर गेला. चार तास वीज नाही. जनरेटर फक्त लिफ्टला. मी खोक्यावर आईने शिवलेली गोधडी टाकली आणि देवाचं नाव घेतलं. पण पुण्यातला एप्रिल, दुपारचे तीन, घरात पस्तीस अंश. आतला आकडा ३५ च्या खाली गेलाच नाही. पुण्याच्या उन्हाळ्याचे आभार मानायची आयुष्यातली ती एकमेव वेळ. तसंही कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्याला उठतेच, तेवढ्याने अंडी मरत नाहीत.

अठरावा दिवस. फिरवणं बंद, बशीत आणखी पाणी. आज्जी म्हणाली, कोमट पाण्यात सोडून बघ, जितं अंडं डुलतं. मी म्हटलं आज्जी, असं करत नाहीत, कवचाला छिद्रं असतात. ती म्हणाली, बरं.

२१ एप्रिल, रविवार. काहीच नाही.

सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी काचेला नाक लावून बसलो होतो. आठ अंडी, आठ दगड. रूममेट बिचारा चहा करून देत होता. रात्री अकरापर्यंत काही हललं नाही, तेव्हा मला ती सकाळ पुन्हा दिसायला लागली, अंगणातली पिसं. मी दोन वेळा मारल्या, असं मनात आलं. एकदा कडी न लावून आणि एकदा लावण्याची हौस करून.

बारा वाजता आज्जीला फोन केला. ती जागी होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "पाण्यात सोड."

कोमट पाण्याची कढई घेतली. अंडी एकेक करून निरखून पाहिली, चोच मारलेली कुठेच नव्हती, म्हणजे पाणी आत जायचा धोका नव्हता. एक अंडं सोडलं. ते तरंगलं, स्थिर झालं, आणि मग टुणकन हललं. परत हललं. पाण्यावर बारीक वलयं उठली. आठपैकी सहा डुलली. मी कढईसमोर जमिनीवर बसून चक्क रडलो. लिहायला लाज वाटतेय, पण झालं ते झालं.

मग उशीर का? हे डोकं लगेच चाललं. तापाचा थर्मामीटर घेतला, तो खोक्यात अंड्यांच्या शेजारी ठेवला. थर्मोस्टॅट दाखवतोय ३७.७. थर्मामीटर म्हणतोय ९८.८ फॅरेनहाइट, म्हणजे ३७.१. तीन आठवडे माझी अंडी सहा दशांशाने गार होती! वाढ मंदावली होती, बस्स. दोन दोन सेन्सर, मोबाईलवर आलेख, रात्री तीनचे अलार्म, आणि हे सगळं ज्या आकड्यावर उभं, तो एकदाही पडताळून पाहिला नव्हता. इजिप्तमध्ये पूर्वीपासून मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवतात. तिथले कारागीर अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखत. माझ्याकडे पापण्या होत्या, थर्मामीटरही होता.

सोमवारी सकाळी साडेदहाला पहिला टोचा पडला. रुंद बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा. आतून बारीक चिवचिव. मी सुट्टी टाकली. (कारण: पोटाचा त्रास. अंडं हा शब्द टाळला.) यापुढचं काम पिल्लाचं असतं, आपण हात लावायचा नाही. टोचा मारून पिल्लू तासन्‌तास नुसतं पडून राहतं. कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त ओढून घेतं, उरलेला बलक पोटात घेतं. मग गोल फिरत टोपण कापावं तसं कवच कापतं. तोच बलक त्याला बाहेर आल्यावर दोन दिवस पुरतो, म्हणून तर हॅचरीवाले एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांबवर पाठवू शकतात.

पहिलं पिल्लू दुपारी चारला निघालं. ओलं, वाकडं, डोकं सांभाळता न येणारं. मी झाकण उघडून आज्जीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. अर्ध्या तासाने दुसरं, परत झाकण, परत फोन. मग आईला, मग आण्णांना, मग रूममेटच्या नागपूरच्या आईला.

रात्री पाच पिल्लं होती. सहावं अंडं दुपारी टोचा मारून थांबलं होतं, ते तसंच. आत आवाज होता, मग बारीक झाला. झाकण उघडलं की दमट हवा बाहेर जाते, आर्द्रता चाळीसवर येते, आणि टोचा मारलेल्या अंड्याचं आतलं पातळ आवरण सुकून पिल्लाला चामड्यासारखं आवळतं. त्याला फिरता येत नाही. हे मी आधी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही पाच वेळा झाकण उघडलं. पहाटे दोनला ओल्या कापसाने आवरण भिजवून नखाने थोडं सोडवायचा प्रयत्न केला, रक्त आलं, थांबलो. सकाळी ते गेलेलं होतं. मेण लावलेलं अंडं तेच. आज्जीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पाच हाईत की." बस, एवढंच.

दहा दिवस पिल्लं बाथरूमशेजारच्या खोक्यात बल्बखाली वाढली. मग पाच जणांना घेऊन गावी. मानमोडीची लस द्यायची होती, डोळ्यात एक थेंब. दवाखान्यातून आणायला गेलो तर बाटली शंभर डोसांची. तीच सगळ्यात लहान! पाच पिल्लांना पाच थेंब, आणि एकदा कालवली की दोन-एक तासांत संपवायची. परसातल्या कोंबड्यांना लस का मिळत नाही याचं अर्धं कारण त्या बाटलीत आहे, असं माझं मत झालं. आज्जीने गल्लीत निरोप दिला. तासाभरात आमच्या अंगणात डालग्यांची रांग. कोणाची बारा, कोणाची आठ, बाया पदरात पिल्लं धरून आलेल्या. मी थेंब टाकत होतो आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली. निम्म्या पिल्लांच्या अंगावर ठिपके होते. आयांच्या अंगावरही. कवड्या.

"आज्जी, ह्या आपल्यासारख्याच दिसतात."

"आपल्याच हाईत की. समद्यांनी माझ्याकडनंच न्हेल्यात अंडी. आन कोंबडा बदलायला मी त्यांचा आणती."

पाच आठवडे मी एका वंशाचा शेवटचा दिवा वगैरे विझू देत नव्हतो. आणि तो वंश गल्लीभर नांदत होता. आज्जीने मनात आणलं असतं तर आठवड्याभरात चार कोंबड्या दारात उभ्या राहिल्या असत्या. म्हटलं, मग मला कशाला दिलीस अंडी?

ती एका पिल्लाची मान वर करून धरत म्हणाली, "तुझं त्वांड बघवंना."

मी पुढचा थेंब चुकवला. पिल्लाच्या चोचीवर पडला.

पुढची हकीकत थोडक्यात. आण्णांनी वनराज आणल्याच. छान आहेत, अंडी भरपूर देतात, आज्जी ती विकते आणि घरात मात्र गावठीच उकडते. माझ्या पाचांतलं एक पिल्लू घारीने नेलं. दोन नर निघाले, त्यातला एक आज्जीने शेजारी देऊन त्यांचा घेतला, भावाबहिणीत नको म्हणून. दुसरा यात्रेला... असो. दोन तलंगा उरल्या. नोव्हेंबरमध्ये त्या अंड्यावर आल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यातली कवडी खुडूक झाली.

मला शंका होती. तिने आई पाहिलेली नाही. मासळीच्या खोक्यात, पंख्याच्या घरघरीत जन्मलेली. पण ते शिकवावं लागत नाही म्हणे, अंगातच असतं, काढून टाकलं नसेल तर. आज्जीने तिच्याखाली तेरा अंडी मांडली, खिळा आणि कोळशासकट. मी रोज फोन. दिवा दाखवलास का? फिरवतेय का ती? आज्जी म्हणायची, मला इचारून फिरवती काय?

एकविसावा दिवस १ फेब्रुवारीला, शनिवारी होता. शुक्रवारी रात्री निघालो, पहाटे पोचलो. खुराड्याची कडी लावलेली होती. (मी ती हल्ली गावी असलो की दोनदा तपासतो, झोपेतून उठूनसुद्धा.) आज्जीने टोपलीवरचं पोतं बाजूला केलं. कोंबडी पिसं फुलवून पसरली होती आणि खालून चिवचिव येत होती. पंखाच्या कडेने एक ठिपकेदार डोकं बाहेर आलं आणि आत गेलं. किती आहेत बघावं म्हणून मी हात घातला.

तिने माझ्या अंगठ्यावर असा टोचा मारला की रक्त आलं.

"आगं ये," आज्जी तिच्यावर ओरडली, "आई हाय ती तुझी!"